तारणाची पावती



काही रविवारांपूर्वी सकाळची दुसरी मिस्सा आटोपून मी साक्रिस्तीत मिस्सावस्त्रे उतरवत होतो. आपल्या धर्मग्रामातला एक तरुण दाराशी घुटमळत उभा होता. "फादर, एक विचारू? रागावणार नाही ना?" अशी सुरुवात झाली की प्रश्न बहुधा लग्नाचा असतो, नाहीतर घरातल्या भांडणाचा. हा मात्र वेगळाच निघाला.

हा तरुण रोज विरार लोकलने अंधेरीला कामाला जातो. त्याच्या ऑफिसातला एक सहकारी त्याच डब्यात असतो. तो एका प्रार्थनामंडळात जातो. माणूस सज्जन, निर्व्यसनी, बायबल जवळजवळ तोंडपाठ. एके दिवशी त्याने आपल्या पोराला विचारले, "तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?" स्वतःची तारीख, वेळ, ती प्रार्थनासभा, सगळे त्याने सांगितले. आपल्या पोराकडे सांगायला एकच तारीख होती, बाप्तिस्म्याची; आणि तेव्हा तो एकवीस दिवसांचा होता. सहकारी हसून म्हणाला, "ती तुझ्या आईबापांची तारीख. तुझी कुठली?"

मी त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो तेच सांगितले. बाप्तिस्म्याने जन्मपापाची क्षमा होते, आपण देवाची लेकरे आणि ख्रिस्तसभेचे सभासद होतो. त्याने मान डोलावली. उत्तर बरोबर होते, पण त्याच्या प्रश्नाला भिडले नव्हते. जाता जाता वळून त्याने सहज विचारले, "फादर, तुमची तारीख कुठली?" तेवढ्यात कोणीतरी नोव्हेनाच्या चिठ्ठ्या घेऊन आले आणि मी सुटलो. पण प्रश्नाने मला सोडले नाही. आजचे हे चिंतन त्या तरुणासाठी आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्यासाठीही.

'तारण' हा शब्द मोठा मजेशीर आहे. आपण चर्चमध्ये तो उच्चारतो आणि बँकेतही. सोने तारण ठेवून कर्ज घेतले की हातात पावती पडते. पावतीवर तारीख, वजन, सही. पावती जपली की माल सुरक्षित. आपल्यापैकी अनेकजण बाप्तिस्म्याचा दाखला असाच जपतात. मुलाच्या शाळाप्रवेशाला, लग्नाच्या वेळी तो कपाटातून निघतो आणि पुन्हा कपाटात जातो. गाडीतल्या त्या सहकाऱ्याकडेही एक पावतीच आहे, फक्त तिच्यावरची तारीख त्याने स्वतः लिहिलेली आहे. प्रश्न असा की, तारण ही पावतीने सिद्ध होणारी गोष्ट आहे का?

तरीही त्या सहकाऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यात एक बोचरे सत्य आहे. माणूस ख्रिस्ती धर्मात असू शकतो आणि तरी ख्रिस्ताला भेटलेला नसू शकतो. याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रातल्या एका थोर स्त्रीने दिली आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, पण त्यांच्यापासून शिकण्यासारखे फार आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत अशा या विदुषीने २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे आपल्या लहानग्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वाचून, वाद घालून, विचार करून घेतलेला तो निर्णय होता. आणि तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी त्यांनी जे घर उभे केले त्याला 'मुक्ती' हे नाव दिले. या नावाचे मोल त्यांनी स्वतः जोखलेले होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा तान्हेपणीचा नव्हता. तारीख त्यांची स्वतःची होती, सही स्वतःची होती. तरीही भेट व्हायची राहिलीच होती. म्हणजे दोष लहानपणी बाप्तिस्मा मिळण्यात नाही, आणि मोठेपणी निर्णय घेतला की काम फत्ते असेही नाही. अडचण आणखी कुठेतरी आहे.

ती कुठे आहे हे आपली मराठी भाषाच सांगते. आपण म्हणतो, "मला मुख्यमंत्र्यांची माहिती आहे, पण माझी त्यांच्याशी ओळख नाही." माहिती एका बाजूने मिळवता येते. वर्तमानपत्र वाचा, झाली माहिती. ओळख मात्र एकट्याने होत नाही. मी त्यांना ओळखतो म्हणालो आणि त्यांनी विचारले, "हा कोण?" तर माझी फजिती. मत्तयच्या शुभवर्तमानात (७:२१–२३) प्रभूने नेमका हाच प्रसंग रंगवला आहे. त्याच्या नावाने मोठमोठी कामे केल्याचा दाखला देणाऱ्यांना तो सांगेल की, मी तुम्हांला कधी ओळखलेच नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना देवाच्या अस्तित्वाविषयीचे संत थॉमस अक्वायनस यांचे पाच मार्ग मी पाठ केले होते. परीक्षेत गुण चांगले पडले. ते मार्ग आजही मला मोलाचे वाटतात. विश्वास म्हणजे बुद्धीला रजा देणे नव्हे हे त्यांनी मला शिकवले. पण ज्यांनी ते लिहिले, त्या संत थॉमस यांनी ६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सा अर्पण करताना काय अनुभवले कोण जाणे! त्या दिवसानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. जे दिसले त्यापुढे आपले सारे लिखाण त्यांना गवताच्या काडीसारखे वाटले. माहिती खोटी ठरली नव्हती, पण ओळख तिच्या कितीतरी पुढची होती. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २५ डिसेंबर २००५ रोजी आपल्या पहिल्या परिपत्रकाच्या आरंभीच हे स्पष्ट केले. ख्रिस्ती होणे हे एखाद्या नैतिक निश्चयाने किंवा उदात्त कल्पनेने सुरू होत नाही, तर एका व्यक्तीच्या भेटीने सुरू होते, असा त्यांचा आशय आहे.

मग ही भेट घडवायची कोणी? मी देवाला शोधायचे की देवाने मला? संत पौल गलतीकरांना लिहिताना (४:९) म्हणू लागतात की, आता तुम्ही देवाला ओळखता. आणि तिथल्या तिथे स्वतःला दुरुस्त करतात की, देवाने तुम्हांला ओळखले आहे, हेच खरे. या एका दुरुस्तीत सगळे तत्त्वज्ञान आले.

संत ऑगस्टीन यांच्याकडे तर सांगायला अगदी पक्की तारीख होती. इ. स. ३८६ साली मिलान शहरातल्या एका बागेत त्यांचे मन पालटले आणि ३८७ च्या पास्खा सणाच्या रात्री संत अम्ब्रोज यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण सुमारे दहा वर्षांनी ते आपल्या आयुष्याची कहाणी लिहायला बसले, तेव्हा त्यांनी बागेतल्या त्या घटकेपासून सुरुवात केली नाही. त्यांना पोरपणी चोरलेले पेरू-नासपतीसारखे फळ आठवले, मेलेला मित्र आठवला, आई मोनिकाची आसवे आठवली. आणि ज्या काळात मी देवापासून पळत होतो त्या काळातही तो माझ्या मागावर होता, असे त्यांच्या ध्यानी आले. बागेतली ती तारीख देवाच्या येण्याची नव्हती. देव आधीच आलेला आहे, हे त्यांच्या लक्षात आल्याची ती तारीख होती.

ख्रिस्तसभेने हेच सत्य इ. स. ५२९ साली ऑरेंज येथील धर्मसभेत मांडले. विश्वास ठेवावा अशी पहिली इच्छा मनात उमटते तीसुद्धा आपली कमाई नव्हे, देवाची कृपा आहे. म्हणून तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा ही मला लाज वाटण्यासारखी गोष्ट वाटत नाही. एकवीस दिवसांच्या बाळाने काय कमावलेले असते? त्याला धड मानही धरता येत नाही. आणि नेमके त्याच वेळी देव त्याला आपले म्हणतो. ती तारीख आईबापांची नव्हे. ती देवाची तारीख आहे.

यावर कोणी म्हणेल, "फादर, मग आम्ही काही करायला नको. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी!" तसे नाही. आपल्याला विचारल्याशिवाय देवाने आपल्याला घडवले, पण आपल्या होकारावाचून तो आपले तारण करणार नाही, अशी संत ऑगस्टीन यांचीच शिकवण आहे. दान दारात आले तरी हात पुढे करावाच लागतो. आणि हात एकदाच पुढे करून भागत नाही. संत पौलांच्या पत्रांत तारणाला तिन्ही काळ आहेत. आपले तारण झाले आहे (एफेसकरांस २:८), आपले तारण होत आहे (१ करिंथकरांस १:१८) आणि आपले तारण होणार आहे (रोमकरांस ५:९–१०). गाडीतला सहकारी भूतकाळ घट्ट धरून बसला आहे. आपणही तेच करतो, फक्त आपला भूतकाळ पॅरिशच्या रजिस्टरात असतो. वर्तमानकाळ दोघांकडूनही निसटतो.

काहीजण विचारतात, "पण फादर, मला आत काहीच जाणवत नाही. लोक प्रार्थनेत रडतात, मला जांभया येतात. मग माझी भेट झालीच नाही का?" अशांनी कोलकात्याच्या संत तेरेसा यांची आठवण ठेवावी. त्यांच्याकडेही तारीख होती आणि तीही रेल्वेगाडीतली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना त्यांना गोरगरिबांची सेवा करण्याची हाक ऐकू आली. त्यांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जग थक्क झाले. ते काम सुरू झाल्यानंतरची कितीतरी दशके त्यांच्या अंतरात अंधार होता. देव आहे असे जाणवतही नव्हते. तरीही पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत राहिल्या आणि रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलत राहिल्या. ४ सप्टेंबर २०१६ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. भेट म्हणजे अंगावर उठणारा काटा नव्हे. काटा विरून जातो.

मग भेट झाली हे ओळखायचे कशावरून? लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय (१९:१–१०) हे शिकवतो. आपण त्याची बुटकी आकृती आणि ते उंबराचे झाड मुलांना चित्रात दाखवतो आणि पुढची गोष्ट विसरतो. जक्कय येशूला पाहायला झाडावर चढला खरा, पण येशूने वर पाहून त्याला त्याच्या नावाने हाक मारली. ओळख तिकडून झाली. येशूने त्याला उपदेश केला, अशी एक ओळही तिथे नाही. तो फक्त घरी आला. आणि जक्कय उभा राहून हिशेब सांगू लागला: निम्मी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. मोशेच्या नियमाप्रमाणे (गणना ५:७) स्वतःहून कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला तरी पुरे होते. चौपट भरपाई ही मेंढरे चोरून विकणाऱ्याची शिक्षा होती (निर्गम २२:१). जक्कयाने ती आपण होऊन स्वतःला लावून घेतली. तेव्हा कुठे प्रभूने म्हटले की, या घराला आज तारण लाभले आहे. या 'घराला', एकट्या जक्कयाला नव्हे.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट वाचताना मला आपली घरे दिसतात. जमिनीला भाव आले आणि भावाभावांत भिंती आल्या. मी अशी कुटुंबे पाहतो की, दोघे भाऊ एकाच मिस्सेला येतात, एक डाव्या बाजूला बसतो, दुसरा उजव्या. शांतीची खूण करताना दोघेही मागच्या बाकाकडे वळतात. दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारतात. हातभर बांधासाठी अकरा अकरा वर्षे बोलणे नाही. पुनवेला नाही, सणाला नाही, आईच्या मातीलाही तोंडे दोन दिशांना. अशा माणसाला मी विचारले, "तुमचं तारण झालंय का?" तर तो म्हणेल, "फादर, मी रविवारची मिस्सा कधी चुकवलेली नाही." बाबांनो, जक्कयाच्या घरी येशू एकदाच गेला आणि वही उघडली. आपल्याकडे तो दर रविवारी येतो, मग आपली वही बंदच कशी राहते?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तसभेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात दोन गोष्टी जवळजवळ आहेत. एक अशी की, जे स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला ओळखत नाहीत, पण सरळ मनाने देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकबुद्धीच्या सांगण्याप्रमाणे वागतात, त्यांनाही ख्रिस्ताच्या कृपेने तारण लाभू शकते. हे ऐकून आपल्याला आपले हिंदू, मुस्लिम शेजारी आठवतात आणि बरे वाटते. दुसरी गोष्ट आपण सहसा वाचत नाही. ख्रिस्तसभेत असूनही जो प्रेमात टिकून राहत नाही, तो नुसता देहाने तिच्यात असतो, मनाने नसतो. आणि केवळ सभासदत्व त्याला तारणार नाही. शेजाऱ्याचे तारण होईल का, ही चिंता देवावर सोपवावी. दुसरा इशारा आपल्याला आहे.

आता माझ्या तारखेकडे येतो. त्या तरुणाला मी उत्तर देणे लागतो.

माझ्याकडे बाग नाही, आगगाडी नाही. पण एक पहिला शुक्रवार आहे. त्या दिवशी आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला मी स्कूटरवर निघालो होतो. छातीशी पवित्र ख्रिस्तशरीराची डबी आणि डोक्यात सभागृहाच्या गळक्या पत्र्यांचा खर्च. चार घरे झाली. पाचव्या घरी एक आजी होती, दोन्ही डोळ्यांनी अधू, अंथरुणाला खिळलेली. माझी चाहूल लागताच तिने विचारले, "कोण, फादर काय? एकटेच आलात, की त्याला पण घेऊन आलात?"

मी म्हणालो, "आणलंय आजी." तिने दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडे नव्हे, माझ्या छातीकडे तोंड करून म्हणाली, "ये बाबा, मघापासून वाट बघते."

मी दारात थबकलो. ज्याला मी सकाळपासून छातीशी धरून गावभर फिरवत होतो, त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. पत्र्यांचा हिशेब मात्र पूर्ण झाला होता. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याकडे होती, ओळख त्या आजीकडे होती. आजीला पाच मार्ग ठाऊक नव्हते. तिला वाट पाहणे ठाऊक होते. त्या दिवसापासून मी मोठा भक्त झालो असे नाही. आजही पत्रे डोक्यात येतात. पण आता निघताना मी त्याला सांगतो, "चल, निघूया." तेवढा फरक पडला आहे.

तो तरुण पुढच्या आठवड्यात भेटला तेव्हा मी त्याला म्हणालो, "त्या मित्राशी वाद घालू नकोस, त्याचे आभार मान. त्याने तुला चांगला प्रश्न विचारला. आणि त्याला सांग, माझ्या दोन तारखा आहेत. एक बाप्तिस्म्याची, त्या दिवशी देवाने मला हाक मारली. दुसरी आजची, कारण आज मला ओ द्यायची आहे." पोप फ्रान्सिस (१९३६–२०२५) लोकांना नेहमी विचारीत की, तुम्हांला तुमच्या बाप्तिस्म्याची तारीख ठाऊक आहे का? नसेल तर घरी जाऊन शोधा. मीही तेच सांगतो. दाखला सापडत नसेल तर ऑफिसात या, रजिस्टरात पाहून सांगू. पण तारीख मिळाली की दाखला लगेच कपाटात टाकू नका. थोडा वेळ हातात धरून बसा आणि प्रभूला विचारा, "माझ्या कुठल्या वहीचं पान तुला आज उघडायचं आहे?" बांधाचे असेल, बहिणीच्या हिश्श्याचे असेल, कामवाल्या बाईच्या थकलेल्या पगाराचे असेल. ज्या पानाची भीती वाटेल तेच बहुधा ते पान असेल.

शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसलेला असतो. आणि ज्यांना आधी भावाच्या दाराशी जायचे आहे, त्यांनी अगोदर तिकडे जावे. सोबत कोणी हवे असेल तर मला सांगा, मी येईन.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू